इलाच्या पत्त्याची रुजवात

इलानं ती गोष्ट जेवताना काढायलाच नको होती. बाबांच्या कानावर 'तपासून पाहावं लागतं' हे शब्द पडले की घरात पुढे काय काय होतं, हे तिला शाळेतल्या प्रगतिपुस्तकापासून माहीत होतं. पण ती आईशी बोलत होती, आणि बाबा वांग्याच्या भाजीत गुंतले आहेत असा तिचा समज होता.

"तो व्हायरस मोठा बदमाश असतो आई," ती सांगत होती. "आपण पत्ता इथून उचलायचा आणि तिथं चिकटवायचा, तर मधल्यामधे तो पत्ताच बदलून टाकतो. आपल्याला वाटतं आपण आपल्याकडेच पाठवले, आणि पैसे जातात चोराकडे. गेले की गेले. परत मागायला बँक नाही, मॅनेजर नाही, कोणी नाही. म्हणून पाठवायच्या आधी पत्ता तपासून पाहावा लागतो."

श्रीधररावांचा घास ताटातच राहिला. "तपासून म्हणजे कसा? रुजवात घेऊन?"

शरयूताईंनी लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ, आता भोग.

रुजवात हा शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांचं सरकारी कचेरीत कधी काम पडलेलं नाही, आणि त्यांनी देवाचे आभार मानावेत. कचेरीतून जुन्या कागदाची नक्कल मिळते तेव्हा एक जण ती उतरवतो. मग दुसरा मूळ कागद मोठ्यानं वाचतो आणि तिसरा नकलेवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर जुळतंय का ते पाहतो. ही रुजवात. नकलेच्या खाली जो शिक्का असतो त्यात 'रुजवात घेणार' अशी एक ओळ असते, आणि त्या एका ओळीवर श्रीधररावांनी सगळी नोकरी काढली. साहेब आले आणि बदलून गेले, लाकडी कपाटं जाऊन लोखंडी आली, संगणक आले. पण श्रीधररावांच्या सहीच्या नकलेत चूक निघाली असं कधी झालं नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात नेमकं हेच सांगितलं, आणि सांगताना त्यांचं आडनाव चुकवलं. ते दुःख वेगळं.

निवृत्तीनंतर या विद्येला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. श्रीधरराव दुधाच्या आजच्या पिशवीवरचा मजकूर कालच्या पिशवीशी ताडून पाहत. बोरगाव मेघेतल्या त्यांच्या गल्लीत लग्न निघालं तर पत्रिका छापून होईपर्यंत त्यांना दाखवायची नाही, हा नियम कोणी केला नव्हता पण पाळत सगळेच होते. अशा माणसासमोर पोटची पोर म्हणत होती की तपासून पाहावं लागतं.

इलाचं काम घरूनच चाले. परदेशातल्या एका कंपनीसाठी ती मुलांच्या खेळांतली चित्रं काढायची. माकडं, जादूगार, ढेरपोटे राक्षस. कंपनी तिला मोबदला रुपयांत न देता क्रिप्टोत द्यायची आणि ती सगळी शिल्लक एका ॲपवाल्यांकडे साठली होती. आता त्या ॲपवाल्यांनी कळवलं होतं की आम्ही गाशा गुंडाळतोय, शुक्रवारी संध्याकाळी दार बंद, ज्यानं त्यानं आपापलं काढून न्यावं. त्यासाठी इलानं पेनड्राइव्हएवढी एक डबी मागवली होती. तिला वॉलेट म्हणायचं. सगळी शिल्लक सुखरूप तिच्यात आली की ती नोकरी सोडणार होती आणि स्वतःच्या गोष्टींची, स्वतःच्या चित्रांची पुस्तकं काढणार होती. माकडं तीच, पण आपल्या मालकीची. हे तिनं आईला सांगितलं होतं, आईनं बाबांना सांगितलं होतं, आणि बाबा आपल्याला काही माहीत नाही असं दाखवत होते. घर त्यामुळे शांत होतं.

"म्हणजे पैसे या डबीत असतात," श्रीधररावांनी हात धुऊन आल्यावर चौकशी सुरू केली.

"पैसे नसतात बाबा. डबीत फक्त किल्ली असते."

"मग पैसे कुठे असतात?"

"तसे कुठेच नसतात."

"मग चोर नेतो काय?"

इलानं थोडा विचार केला. "नोंद नेतो. ते कोणाच्या नावावर आहेत, ती नोंद."

हे मात्र त्यांना ताबडतोब पटलं. शेत जागच्या जागी राहतं आणि धनी रस्त्यावर येतो, हा नोंदीचा चमत्कार त्यांनी जन्मभर पाहिला होता. त्यांनी पत्ता पाहायला मागितला. डबीच्या नखाएवढ्या काचेवर चाळिसाच्या वर अक्षरं मुंगीच्या पावलानं सरकत होती. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, लहानमोठी, कशाचा कशाला संबंध नाही.

"पहिली चार आणि शेवटची चार पाहिली की झालं," इला म्हणाली. "सगळे तेच करतात."

"आणि मधली?"

"मधली कोण पाहतं बाबा?"

"दोन्हीकडचे धुरे-बांध पाहायचे आणि मधलं शेत सोडून द्यायचं," श्रीधरराव म्हणाले. "छान. रुजवात मी घेणार."

इला आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली. शरयूताई पातेलं घासता घासता म्हणाल्या, "घेऊ दे त्यांना. चार दिवस दुधाच्या पिशवीचं तर सुटेल."

आता रुजवात कागदावर होते, काचेवर होत नाही, हा श्रीधररावांचा पहिला मुद्दा. सरकत्या अक्षरावर बोट ठेवता येत नाही, हा दुसरा. म्हणून पत्ता आधी ठसठशीत अक्षरांत छापून हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इलाच्या खोलीत गेले तेव्हा ती कानाला यंत्र लावून परदेशातल्या साहेबाशी राक्षसाच्या पोटाबद्दल बोलत होती. तिनं हातानं खूण केली की लॅपटॉपवर पत्ता उघडाच आहे, कॉपी करून घ्या.

श्रीधररावांनी घेतला. कॉपी करून चिकटवणं त्यांना येत होतं, कारण गल्लीच्या सूचना तेच लिहायचे. 'सोमवारी कचरागाडी येणार नाही, कृपया नोंद घ्यावी.' त्यासाठी त्यांनी याच लॅपटॉपवर मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. ते शेजारच्या निकेशनं पेनड्राइव्हवरून फुकटात दिलं होतं. त्याच्याच कोऱ्या पानावर त्यांनी पत्ता चिकटवला, अक्षरं दिव्याखाली न धरता वाचता येतील एवढी मोठी केली, आणि पान पेनड्राइव्हवर घेऊन ते निकेशच्या दुकानात गेले.

निकेश म्हणजे प्रभाकररावांचा मुलगा. प्रभाकररावांचं कापडाचं दुकान, आणि त्याच्याच अर्ध्या गाळ्यात मुलाचं झेरॉक्स, रिचार्ज, मोबाइल दुरुस्ती आणि पासपोर्ट फोटो. निकेशनं कागद छापून हातात घेतला आणि डोळे बारीक केले.

"काकाजी, हा कोनाचा पासवर्ड हाय?"

"पासवर्ड नाही. शासकीय नाही, खाजगी आहे," श्रीधररावांनी कागदावर पंजा ठेवला.

"लॅमिनेशन मारून देऊ का? मस्त राह्यते."

"लॅमिनेशनवर सही उठत नाही."

निकेशला ते क्रिप्टोचं असल्याचं कळायला दोन प्रश्न पुरले. "अरे बाप्पा, मंग एवढं काऊन करून राह्यले? पह्यले चार पाहा, लास्टचे चार पाहा, बटन दाबा. सारी दुनिया तसंच करून राह्यली."

थानातून कापड फाडता फाडता प्रभाकररावांनी मान वर केली. "श्रीधरराव, मी सांगतो आयका. पोरीले म्हना सोनं घे. सोन्याले पत्ता लागत नाई. गऱ्यात घातलं का झालं."

श्रीधररावांनी त्यांना शपथ घालून सांगितलं की ही गोष्ट कोणाजवळ बोलायची नाही. प्रभाकररावांनी ती शपथ प्रत्येक गिऱ्हाइकाला घातली. संध्याकाळपर्यंत गल्लीत असा समज पक्का झाला होता की इलानं विदेशात जमीन घेतली आणि तिची मोजणी शुक्रवारी आहे.

तिसरा मुद्दा माणसांचा होता. रुजवात एकट्यानं होत नाही, आणि वाचणारा घरचा असून चालत नाही. म्हणून श्रीधररावांनी सेलूला सदाशिवरावांना फोन लावला. सदाशिवराव त्यांच्याच विभागात नकलकार होते. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या मते श्रीधररावांच्या सहीच्या नकलेत चूक निघाली नाही, याचं कारण नक्कल सदाशिवरावांनी केलेली असे. हे मत ते निवृत्तीनंतरही भेटेल त्याला सांगत, आणि ते फिरून श्रीधररावांपर्यंत पोचे. तरीही फोन त्यांनाच लावावा लागला. दुसऱ्या कोणाला रुजवातीचं वाचन येत नव्हतं.

"येतो नं," सदाशिवराव म्हणाले. "पन कागद सरळ ठेवजा. मांगच्या वक्ती लय चुरगळलेला होता."

मागची वेळ म्हणजे त्यांच्या नोकरीतली.

शुक्रवारी सकाळच्या बसनं सदाशिवराव आले ते स्वतःची फूटपट्टी आणि भिंग घेऊन. शरयूताईंनी तर्रीपोहे केले होते. खरं म्हणजे सकाळी रुजवात उरकून दुपारी सगळे झोपले असते, पण ॲपवाल्यांना मधेच लिखापढीची हौस आली. हे वॉलेट माझंच आहे असं स्वतःच्या हातानं लिहा आणि तो कागद छातीशी धरून फोटो पाठवा, असा निरोप पडद्यावर आला. इला वैतागली. श्रीधररावांच्या मनात मात्र त्या कंपनीबद्दल पहिल्यांदा आदर निर्माण झाला.

मसुदा अर्थात त्यांनीच सांगितला. 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' इथून सुरू होऊन तो पाठपोट गेला. ॲपवाल्यांनी तो परत केला, भाषा कळली नाही. इलानं इंग्रजीत लिहिला. परत आला, कागदानं हनुवटी झाकली होती. हनुवटी दिसली तर सही दिसेना. सही दिसली तर मागे भिंतीवर सदाशिवरावांची सावली पडली आणि 'फोटोत एकच व्यक्ती असावी' असं उत्तर आलं. सदाशिवरावांना आपल्या सावलीची कोणी दखल घेतली याचं कौतुक वाटलं. मंजुरी मिळाली तेव्हा चहाची वेळ झाली होती.

तोवर प्रभाकरराव दुकान नोकरावर टाकून येऊन बसले होते आणि त्यांच्या मागे निकेशही आला होता. बैठकीत टेबल मधोमध घेतलं. इला लॅपटॉपसमोर बसली. तिनं ॲपच्या रकान्यात पत्ता चिकटवला. छापलेला कागद सदाशिवरावांच्या हातात, आणि श्रीधररावांचं बोट लॅपटॉपच्या काचेवर. काचेवर रुजवात होत नाही हा मुद्दा त्यांनी कागदाची बाजू भक्कम असल्यामुळे मागे घेतला होता.

"शून्य," सदाशिवरावांनी सुरुवात केली. "शून्य कसा? निखळ. पोटात रेघ नाई. येक्स, लहान. सात. ई, मोठी."

"ई मोठी," श्रीधरराव म्हणाले.

कचेरीत वाचायचे तसेच सदाशिवराव वाचत होते. प्रत्येक अक्षरानंतर दम, प्रत्येक चार अक्षरांनंतर पाणी. त्यांची गाडी अर्ध्यावर आली आणि पडदा पांढरा झाला. बराच वेळ काही हालचाल नसल्यामुळे ॲपनं इलाला बाहेर काढलं होतं.

पुन्हा पासवर्ड, पुन्हा फोनवर आकडा, पुन्हा पत्ता चिकटवणं, पुन्हा पहिल्यापासून. मधूनच वाचायचं नाही, हा नियम. दुसऱ्यांदा शेवटच्या दोन अक्षरांशी पडदा पांढरा झाला, कारण प्रभाकररावांनी मधे सोन्याचा भाव सांगितला. तिसऱ्यांदा इला माउस सारखा हलवत राहिली, निकेशला बोलायची बंदी झाली, शरयूताईंनी कुकरची शिट्टी काढून ठेवली, आणि घर एवढं शांत झालं की सदाशिवरावांचा घोट गिळल्याचा आवाज ऐकू येत होता.

सगळं जुळलं. पहिलं अक्षर ते शेवटचं अक्षर, लहान तिथं लहान, मोठं तिथं मोठं. श्रीधररावांनी कागद हातात घेऊन लाल पेन्सिलीनं प्रत्येक अक्षराखाली टिंब दिलं. मग त्यांनी पेन काढलं, छापील कागदाच्या तळाशी पट्टीनं रेघ मारली आणि लिहिलं, 'रुजवात घेतली. बरोबर.' खाली पूर्ण सही. त्या सहीला ते इतक्या दिवसांनी भेटत होते की शेवटचा फराटा कागदाबाहेर टेबलावर गेला.

"आधी थोडेसेच पाठवते," इला म्हणाली. "पोचले की मग बाकीचे."

"पाठव. रुजवात झाली आहे, पण पाठव," श्रीधरराव उदारपणे म्हणाले.

तिनं चिमूटभर पाठवले. ॲपनं हिरवी खूण दाखवली. आता डबीत नोंद दिसायला हवी होती. सगळ्यांनी डबीकडे पाहिलं. चहा आला, पिऊन झाला. डबी गप्प होती. इलानं तिची तार काढून पुन्हा लावली. ॲपच्या मदतकक्षाला विचारलं तर तिथल्या यंत्रानं कळवलं की आपला व्यवहार यशस्वी झाला आहे, आपण समाधानी असल्यास पाच तारे द्यावेत.

"गेले म्हन्ते अन् आले नाई," प्रभाकरराव म्हणाले. "मी सांगलतो सोनं घ्या म्हून."

"नेट स्लो असन," निकेश म्हणाला.

"तसं नाई," सदाशिवराव म्हणाले. ते आता या विषयातले जाणकार झाले होते. "जावकेत नोंद झाली, आवकेत व्हायची हाय. कागद वाटेत राह्यते कधीकधी. आपल्या इथं तं दोन टेबलांच्या मधात पंधरा दिवस राहे."

श्रीधरराव ताठ बसले होते. पैसे का आले नाहीत हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण का आले नाहीत याची यादी करायची झाली तर तिच्यात एक गोष्ट नक्की येणार नव्हती. "पत्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "मी रुजवात घेतली आहे."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. ॲपवाल्यांचं दार बंद व्हायची वेळ जवळ आली होती आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तांबडी पट्टी फिरत होती. इलानं तिच्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि शेवटी बाबांच्या सहीकडे पाहिलं. लहानपणी ती या सहीची टिंगल करायची.

"बाबा, तुमची सही आहे ना यावर? मग झालं. थांबले तर तसेही तिथंच बुडतील. पाठवते सगळे."

श्रीधररावांची सही लोकांनी कोर्टात नेली होती, तिच्या जोरावर वाटण्या केल्या होत्या, भांडणं जिंकली आणि हरली होती, पण ती सगळी परकी माणसं होती. घरातल्या कोणी या सहीवर कधी काही ठेवलं नव्हतं. इला आज सगळंच ठेवत होती. त्यांना फार आनंद झाला आणि त्याच वेळी भीती वाटली. भीती वाटली की ते कागदाकडे वळत, म्हणून ते वळले, आणि शिक्क्यात असतात त्या बाकीच्या ओळी सवयीनं भरू लागले. वाचणार, सदाशिवराव. रुजवात घेणार, स्वतः. दिनांक. शेवटची ओळ कोणत्या मुळावरून, ही असे. ती सोडून चालत नाही. त्यांनी लिहिलं, 'लॅपटॉपवरून', आणि पेन तिथंच थांबलं.

लॅपटॉपवर मूळ नव्हतं. मूळ डबीत होतं. लॅपटॉपवर होती ती नक्कल, आणि हा कागद त्या नकलेची नक्कल, आणि समोरच्या पडद्यावरची त्याच नकलेची दुसरी नक्कल. त्यांनी दोन नकला एकमेकींशी लावून पाहिल्या होत्या आणि खाली बरोबर म्हणून लिहिलं होतं. नकलेवरून रुजवात नाही, हे कचेरीत नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. ते सांगायचं काम श्रीधररावांचंच असे.

इलाचं बोट बटणाकडे निघालं होतं.

गप्प बसायला एक श्वास पुरला असता. पैसे कदाचित वाटेतच असतील, पोचतीलही. सदाशिवराव समोर बसले होते. सेलूच्या बसस्टँडपासून पुढे सगळीकडे हे वाजलं असतं. प्रभाकरराव होते, निकेश होता. सही वाळली होती.

"थांब," श्रीधरराव म्हणाले. "माझी रुजवात चुकली."

सदाशिवरावांनी कागद ओढून घेतला, शेवटची ओळ वाचली आणि एका क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं. श्रीधररावांनी मान खाली घालून टोमण्याची वाट पाहिली. सदाशिवराव नुसतेच म्हणाले, "होते कधीमधी." त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग दोघांनी जागा बदलल्या. श्रीधररावांनी डबी तळहातावर घेतली आणि तिच्या काचेवर सदाशिवरावांचं भिंग धरलं. अक्षरं सरकत येत होती, त्या वेगानं ते वाचू लागले आणि इला कागदावर बोट ठेवून पाहू लागली. पहिली अक्षरं तीच. "मीही एवढी पाहिली होती मघाशी," इला पुटपुटली. "पहिली चार, शेवटची चार." पाचव्याला तिचं बोट थांबलं. सहावं वेगळं, सातवं वेगळं, मधलं सगळं शेत परक्याचं, आणि शेवटची चार पुन्हा तीच. चोरानं धुरे तेवढे बरोबर आखले होते.

इलाचा हात बटणापासून इतका लांब गेला की चहाचा कप सांडला. ते चिमूटभर गेले होते ते गेलेच. ती पांढरी पडली, मग रडवेली झाली, मग भलत्या शांतपणे म्हणाली, "या लॅपटॉपवर अलीकडे कोणी काही टाकलंय?"

सगळ्यांनी श्रीधररावांकडे पाहिलं. श्रीधररावांनी निकेशकडे पाहिलं.

"काकाजी, फुकटचं होतं नं थे," निकेश म्हणाला. "मी का बनवलं काय? लय लोकायले देल्लं मी. कोनाची तक्रार नाई आली." लगेच त्याला दुकानातलं काहीतरी आठवलं आणि तो गेला.

वेळ थोडा उरला होता. शरयूताईंच्या फोनवर भजनं आणि नातेवाइकांचे सुप्रभात याखेरीज काही नव्हतं. इलानं तो घेतला आणि त्यावरून ॲप उघडलं. कॉपी नाही, चिकटवणं नाही. श्रीधरराव डबीतून एकेक अक्षर वाचत होते, इला बोटानं एकेक अक्षर टाइप करत होती आणि सदाशिवराव तिच्या खांद्यावरून पाहत होते. दम नव्हता, पाणी नव्हतं. चिमूटभर पाठवले. आणि मग त्या मुक्या डबीवर बारीक उजेड आला. चिमूटभर पोचले होते. इलानं बाकीचे पाठवले, तेही पोचले.

तिनं बाबांच्या खांद्यावर कपाळ टेकलं. प्रभाकररावांनी डोळे पुसले आणि सोन्याबद्दल एकही शब्द न बोलता घरी गेले. पट्टी जिथं फिरत होती तिथं थोड्या वेळानं नवी सूचना आली. ग्राहकांच्या आग्रहास्तव मुदत पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाढवण्यात आली होती.

संध्याकाळी सदाशिवराव बसला बसल्यावर श्रीधररावांनी तो छापील कागद समोर घेतला. 'रुजवात घेतली. बरोबर.' यावर त्यांनी पट्टीनं आडवी रेघ मारली, वर 'रद्द' लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली. हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. कागद ते फाडायला निघाले होते, पण इलानं तो काढून घेतला आणि आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर, माकडांच्या मधोमध लावला.

दोन दिवसांनी सेलूहून फोन आला. "तो कागद जरा मोबाइलवर पाठवजा," सदाशिवराव म्हणाले. "इथं लोकायले समजावून सांगाले बरा पडते."

श्रीधररावांचा आवाज बऱ्याच दिवसांनी कचेरीतला झाला. "नक्कल पाहिजे असेल तर अर्ज करा. नियमाप्रमाणे मिळेल."

आठवड्यात अर्ज आला. मोत्यासारखं अक्षर, वर कोर्ट फी स्टॅम्प. श्रीधररावांना नकार देता येईना. ते रविवारी सकाळी बसले आणि पत्ता, लाल टिंबं, 'बरोबर', त्यावरची रेघ, 'रद्द', दोन्ही सह्या, सगळं हातानं उतरवून काढलं. मग भिंतीवरचा कागद काढून आणला आणि इलाला हाक मारली.

"घरचा माणूस चालत नाही ना बाबा?" ती म्हणाली.

"बस."

त्यांनी मूळ हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. इलाचं बोट नकलेवरून पुढे सरकत होतं. शून्य, निखळ. एक्स, लहान. सात. स्वयंपाकघरातून शरयूताई पाहत होत्या. पत्त्याच्या मध्यावर इलाचं बोट थांबलं.

"बाबा, तुम्ही मोठी डी वाचली. इथं लहान आहे."

"शक्य नाही."

तिनं कागद फिरवून त्यांच्याकडे केला. श्रीधररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहत राहिले. नकलेत लहान होती. त्यांनी कागद खाली ठेवला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि इलाच्या हातात दिली.

"कर दुरुस्त," ते म्हणाले. "आणि खाली 'रुजवात घेणार' लिहून सही कर. पूर्ण नाव."